तुळसेवरचा खटला

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. इतकी जुनी, की माझी पाठ एकदा डिंकाने चिकटवून आणि एकदा दोऱ्याने शिवून झाली आहे. मला आजवर पुष्कळ जणांनी वाचले. पण मी स्वतःला नीट ऐकले ते एकदाच, आणि तेव्हा बसलेला धक्का अजून माझ्या पानांतून गेलेला नाही. तीच हकिगत तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म मुंबईत, गिरगावातल्या एका छापखान्यात झाला. त्या काळी शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवत असत. माझ्या अंगावर तांबड्या कापडाचा पुठ्ठा चढला आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत माझे नाव उमटले, 'तुळसा'. त्या सोन्याची मला काय ऐट होती! पुढे ते सोने वाचकांच्या घामट बोटांनी पुसून नेले. आता नुसता 'तु' शिल्लक आहे.

माझ्यात एका बाईची गोष्ट आहे. तुळसा ही खोताची दुसरी बायको. खोताला पहिल्या बायकोचा एक मुलगा असतो, बाळकू. एके दिवशी बाळकू पायऱ्यांच्या विहिरीत बुडतो. खोताच्या बहिणीची, सगुणाआत्याची ओरड ऐकून गाव धावते, तर काठावर तुळसा उभी, ओलीचिंब, हातांत पोराचा देह. गाव म्हणते, हिनेच ढकलले. खोत तिला घराबाहेर काढतो. माझ्या लेखकाने पोराला कुणी ढकलले की ते पाय घसरून पडले, हे कुठेही सांगितलेले नाही. पण वाचकांचे त्यावाचून काही अडले नाही. 'कैदाशीण', 'नागीण', 'हिला फाशीच हवी', असे पुटपुटत लिहिलेले एकेक शेरे माझ्या समासांत जमत गेले. एका गृहस्थांनी तर 'सावत्र' हा शब्द आला तिथे तिथे तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली.

आता तुम्ही विचाराल, तुझ्या पोटात काय आहे ते तुलाच ठाऊक नव्हते का? नाही, मित्रांनो. माणसाला जशी स्वतःची पाठ दिसत नाही, तसे पुस्तकाला स्वतःला वाचता येत नाही. कुणी मोठ्याने वाचले तरच माझ्यातले शब्द माझ्या कानी पडतात. आणि लोक मोठ्याने वाचायचे ती नेमकी रडारडीची पाने. बाकी सारे डोळ्यांनीच सरकून जायचे. त्यामुळे एवढे सगळे म्हणतात त्या अर्थी तुळसा वाईटच असणार, असे मीही धरून चालले होते.

माझे पहिले मालक वारले आणि त्यांच्या मुलाने घरातली पुस्तके भिवंडीच्या एका शाळेला देऊन टाकली. तिथे मला लोखंडी कपाट मिळाले. खिडकीबाहेर दिवसभर कापड विणणाऱ्या मागांची खटखट चाले. सुरुवातीला मला वाटे, गावात कुठेतरी मोठा छापखाना आहे. कपाटात मी कित्येक वर्षे न उघडता काढली. झुरळांनी माझ्या कडा कुरतडल्या. पुस्तकाला झुरळापेक्षाही जास्त काय खाते सांगू? न उघडले जाणे.

मला बाहेर काढले ते नसीबाबाईंनी. नसीबाबाई भिवंडीतल्याच, जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. नववी-दहावीला मराठी शिकवायच्या. आवाज बारीक, पण वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. चौऱ्याऐंशीच्या दंगलीला तेव्हा तीन-चार वर्षेच झाली होती. त्या दिवसांत एकेका अफवेने कशा गल्ल्या पेटतात, ते बाईंनी आपल्या घराच्या गच्चीवरून पाहिले होते. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. पण 'म्हणे' हा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा बदलायचा.

त्यांनी मला वर्गात रोज थोडे थोडे, एकेकीला मनातल्या मनात वाचायला दिले. एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुळसा दुष्ट होती."

"कशावरून?"

"सगळेच म्हणतात ना, बाई."

"सगळ्यांना खाली बसू दे. तू ओळ दाखव."

मुलगी पाने उलटत राहिली.  शेवटी बाई म्हणाल्या, "आपण असं करू. स्नेहसंमेलनात तुळसेवर खटला चालवू. खोटं खोटं न्यायालय, पण पुरावा खरा. जे काही म्हणायचं ते या पुस्तकाचं पान उघडून म्हणायचं. ओळ नसेल तर आरोपही नाही. तुळसेच्या बाजूनं कोण उभं राहील?"

शकिला नावाच्या धीट मुलीने हात वर केला.

"आणि तिच्याविरुद्ध?"

बाईंचे वाक्य पुरे व्हायच्या आत मागच्या बाकावरून चंपा उठली. ही मुलगी वर्गात एरवी तोंड उघडत नसे. सगळ्या वळून बघू लागल्या. चंपा म्हणाली, "मी, बाई. तिला सोडायची नाही."

तिचा तो आवाज ऐकून मी दचकले. चौदा वर्षांच्या मुलीच्या आवाजात एवढी धार कुठून आली? ते मला तिच्या घरी गेल्यावर कळले.

चंपा राहायची भिवंडीतल्या कामतघरला, एका चाळीत. तिचे वडील केसरीनाथ मूळचे जवळच्या अंजूर गावचे. जवळच्याच कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. चंपाची आई तापाने गेली तेव्हा धाकटी काशी अजून रांगत होती. मग केसरीनाथांनी द्रौपदीशी लग्न केले. काशी द्रौपदीला 'आये' म्हणायची. चंपा 'मावशी' म्हणायची, तेही अगदी गरज पडली तरच.

त्याला कारण होते. काशी चार वर्षांची असताना तिच्या डाव्या हाताची दोन बोटे चिरडली. वाचलीच नाहीत. चाळीत सगळे सांगत, सावत्र आईने पोरीच्या हातावर दार आपटले. चंपा तेव्हा शाळेत होती. ती घरी आली तो काशी दवाखान्यात आणि शेजारची बायजाबाई नळावर चार बायका जमवून सांगत होती, "सावत्र ती सावत्रच गो. पोरगी रडत होती तरी हिनं दार लोटलंन." द्रौपदीने त्यावर कधी हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. पाणी भरावे, भाकऱ्या थापाव्यात आणि खाली बघून जावे. चंपाला तिचे ते गप्प राहणे म्हणजे कबुलीच वाटे. तुळसेला शिक्षा देताना ती खरे तर कुणाला शिक्षा देणार होती, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

बाईंनी मला वर्तमानपत्राचे कव्हर घालून चंपाच्या हवाली केले. शाळा सुटली की ती चाळीच्या जिन्यावर बसायची आणि मला मोठ्याने वाचायची, कारण खटल्यात तिला मोठ्याने बोलायचे होते. आणि मित्रांनो, तिथेच आम्हा दोघींच्या पायाखालची जमीन सरकायला लागली.

पहिल्यांदा तिला हवी तशी ओळ सापडली. "तुळसा पोराला उपाशी ठेवते," तिने आनंदाने वाचले. पण वाक्य तिथे संपत नव्हते. पुढे होते, "असे गावात म्हणत."

चंपा थांबली. तिने पुढचे पान काढले. "तुळसेच्या डोळ्यांत बाळकूविषयी विष आहे, असे सगुणाआत्या सांगे." आणखी पुढे, "तिने पोराला चटका दिल्याचे परटिणीने ऐकले होते." चंपा एकेक ओळ वाचत गेली आणि तिचा आवाज खाली खाली येत गेला. म्हणत. सांगे. ऐकले होते. माझ्या लेखकाने एकाही ठिकाणी तुळसेला वाईट वागताना स्वतः दाखवले नव्हते! ज्या ओळींखाली वाचकांनी रेघा ओढल्या होत्या, त्या सगळ्या दुसऱ्याच्या तोंडच्या होत्या.

मी हबकले. साठ वर्षे मी हे शब्द पोटात घेऊन बसले होते आणि मला पत्ता नव्हता.

मग चंपाने उलटा शोध घेतला. लेखकाने स्वतः तुळसेला काय करताना दाखवले आहे? तशी एक ओळ सापडली. ती कुणी अधोरेखित केलेली नव्हती. "बाळकूच्या टाचेत काटा रुतला होता. सुई मिळेना, तेव्हा तुळसेने तो दातांनी काढला." चंपाने ती ओळ पुन्हा वाचली आणि मला मिटून मांडीवर ठेवले. जिन्यावरून द्रौपदी पाण्याचा हंडा घेऊन वर येत होती. वाट द्यायला चंपाने पाय आखडून घेतले. 

दुसऱ्या दिवशी चंपाने नसीबाबाईंना गाठले. "बाई, मला बाजू बदलायची आहे."

"का गं?"

"माझ्याकडे पुरावाच नाही. जो आहे तो सगळा ऐकीव."

बाईंनी चष्मा काढला. "वकिलानं ऐन वेळी बाजू बदलायची नसते, चंपा. पण वकिलानं नसलेला पुरावा आहे असंही म्हणायचं नसतं. जे सापडलं तेच सांग. उभी मात्र आपल्या जागी राहा."

खटल्याच्या दिवशी शाळेचे सभागृह भरून गेले होते. गावातले एक वकील न्यायाधीश म्हणून आले होते. टेबलावर मधोमध मी. पालक मागच्या बाकांवर बसले होते, आणि त्यांत शेवटच्या रांगेत, ठेवणीतले हिरवे पातळ नेसून, काशीला मांडीवर घेऊन द्रौपदी बसली होती. चंपाने तिला बोलावले नव्हते. काशीने घरी सांगितले होते. चंपाने तिला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

न्यायाधीशांनी फिर्यादी पक्षाला बोलायला सांगितले. चंपा उभी राहिली. तिने मला हातात घेतले.

"न्यायाधीश महाराज, तुळसेनं बाळकूला मारलं, असा आमचा आरोप आहे. तिला विहिरीवर ओल्या कपड्यांत पाहिलं, हा गावाचा पुरावा. ती ओळ मी वाचते." आणि तिने वाचली. "'विहिरीकाठी तुळसा उभी होती. तिचे लुगडे छातीपर्यंत भिजले होते. तिच्या हातांत बाळकू होता.' आता गावानं पाहिलं ते एवढंच. ढकललं, हे गावानं पाहिलेलं नाही. तो गावानं लावलेला अर्थ आहे. ज्याला ढकलायचं आहे तो वरून ढकलील. छातीएवढ्या पाण्यात तो कशाला उतरेल?"

सभागृहात चुळबुळ झाली. ही आरोप करायला उभी आहे की सोडवायला?

"आणखी एक ओळ आहे. ती पुढच्या प्रकरणात आहे म्हणून कुणी इकडे जोडून वाचत नाही." चंपाने पाने उलटली. "'लोक स्वयंपाकघरात शिरले तेव्हा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता. चुलीत लाकूड तसेच जळत होते.' म्हणजे ती भाकरी टाकून धावली. तव्यावर भाकरी टाकून कुणी पोराचा जीव घ्यायला जात नाही. तसं कुणीतरी ओरडल्यावर धावतं." तिने मला मिटले. "फिर्यादी पक्षाकडे तुळसेविरुद्ध एकही ओळ नाही. आम्ही आरोप मागे घेतो."

मित्रांनो, त्या शांततेत बाहेरचे माग ऐकू आले. न्यायाधीशांनी हातातले पेन खाली ठेवले. आणि मी? ती ओळ चंपाने जिन्यावर मनातच वाचली असणार, कारण भाकरी माझ्यात होती, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकले! तुळसेचे पोर विहिरीत गेले आणि मागे घरात ती भाकरी जळत राहिली. ते सांगायला माझ्या लेखकाने दोन साधी वाक्ये लिहून ठेवली होती, आणि साठ वर्षे कुणाला त्या भाकरीचा वास आला नव्हता.

शकिला बिचारी गोंधळून उठली. "महाराज, मी सगळं पाठ केलं होतं, ते हिनंच सांगून टाकलं. पण मी पुढे जाऊन म्हणते की खरी गुन्हेगार सगुणाआत्या! पहिली ओरडली ती आत्या. म्हणजे विहिरीवर आधी तीच होती. तिनंच ढकललं."

पहिल्या रांगेतून नसीबाबाईंचा बारीक आवाज आला. "ओळ?"

शकिलाने माझी पाने चाळली. "आत्या आधी ओरडली, ही ओळ आहे."

"ओरडली, ही आहे. ढकललं, ही?"

"ती... नाही, बाई."

"मग जे गावानं तुळसेचं केलं तेच तू आत्याचं करते आहेस. बस खाली."

लोक हसले, टाळ्या वाजल्या, न्यायाधीशांनी तुळसेची सुटका केली. चंपाला मात्र टाळ्या ऐकू येत नव्हत्या. ती शेवटच्या रांगेकडे बघत होती. द्रौपदीने पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि दुसऱ्या हातात काशीचा तो अधू हात घट्ट धरून ठेवला होता.

संध्याकाळी चंपा घरी जिन्यावर बसली. मी तिच्या मांडीवर. वडील कामावर होते, द्रौपदी नळावर. चंपा स्वतःशीच पुटपुटत होती, "पाहिलं काय आणि ऐकलं काय?" मग ती एकदम ताठ बसली. दार आपटताना तिने पाहिले नव्हते. पण एक गोष्ट तिने पाहिली होती, नुसती पाहिली नव्हती, हातांनी चोळली होती. त्या दिवशी काशीचा रक्ताने भरलेला फ्रॉक तिने द्रौपदीला हात लावू दिला नव्हता. स्वतः धुतला होता. रक्त निघाले. पण बाहीवरचा काळा डाग काही केल्या निघाला नाही. सोडा लावला, दगडावर घासला, तरी नाही. तो चिकट होता. वडिलांच्या कामाच्या कपड्यांना असतो तसा. मागाच्या ग्रीसचा.

घराच्या दाराला ग्रीस कुठून येणार?

तिने काशीला हाक मारली. काशी उड्या मारत आली.

"काशी, तुझी बोटं कशात गेली गं?"

"पट्ट्यात," काशी म्हणाली.

"कुठल्या पट्ट्यात?"

"बाबांच्या कारखान्यात. तो गरगर फिरतो ना, त्यात. आये नळावर होती. बाबा म्हणाले, चल तुला माग दाखवतो."

चंपाच्या हातून मी निसटले आणि पायरीवर पडले. माझी शिवण तिथेच उसवली. मला ते दुखणे जाणवलेही नाही. चंपाने काशीचे दोन्ही खांदे धरले. "मग तू सांगितलं का नाहीस? दोन वर्षं झाली!"

काशी घाबरली. "बाबा म्हणाले होते, कुणी विचारलं तर सांगू नको." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण कुणी विचारलंच न्हाय."

मित्रांनो, माझ्यातला बाळकू तर मेलेला होता. त्याला विचारायची सोय नव्हती. पण ही पोर जिवंत होती! चाळभर हिंडत होती, बायजाबाईच्या दारात खेळत होती, चंपाच्या कुशीत झोपत होती. आणि एवढ्या माणसांत कुणालाही तिला विचारावेसे वाटले नव्हते. चंपालाही नाही. चंपाचा चेहरा कागदासारखा झाला. कागद म्हणजे काय ते मला ठाऊक आहे म्हणून सांगते.

द्रौपदी हंडा घेऊन वर आली. चंपा तिच्या वाटेत उभी राहिली. "मावशी, दार कुणी लावलं होतं?"

द्रौपदीने काशीकडे पाहिले, खाली पडलेल्या माझ्याकडे पाहिले. "कुणी न्हाय," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरनी विचारलं, कशात गेली बोटं. तुझ्या बापाच्या तोंडून शब्द फुटंना. शेटनी बजावलेलं, कारखान्यात पोर दिसली तर काम बंद. म्हून मी बोलले, दारात चेमटली. तवढंच बोलले. मीच दार लावलं, ते चाळीनं जोडलंन."

"आणि बाबा? ते काही बोलले नाहीत?"

"तू बापाला काय बी इचारायचं न्हाय. माझी आण हाय तुला."

पण चंपा ते पोटात ठेवू शकली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांची सुट्टी होती. दुपारी सगळे जेवायला बसले असताना ती म्हणाली, "बाबा, काशीच्या फ्रॉकला ग्रीस होतं. मी धुतलंय ते."

केसरीनाथांचा घास हातातच राहिला. ते प्रेमळ गृहस्थ होते हो. लेकीला वह्या, शाई कधी कमी पडू दिली नव्हती. चंपाचा त्यांच्यावर फार जीव. ते काहीतरी म्हणतील, रागावतील, नाही म्हणतील, म्हणून ती वाट बघत होती.  पण ते हात धुऊन उठले, चपला न घालता खाली नळावर गेले, आणि रांगेतल्या बायकांसमोर उभे राहून म्हणाले, "बायजाबाय, काशीची बोटं माझ्या मागात गेली. मी नेलीवती तिला. हिनं दार लावलं न्हाय. मी भेकड, म्हून गप होतो."

बायजाबाईच्या हातातली कळशी भरून वाहत राहिली. कुणी नळ बंद केला नाही.

आता तुम्हाला वाटेल, द्रौपदीने चंपाला पोटाशी धरले असेल. मलाही तसेच वाटले होते. पण ती घरातच चंपावर कडाडली. "दोन वरसं मी कशापायी गिळलं? लोकांचं थुकणं झेललं, ते कशापायी? तुमच्या भाकरीपायी ना? तुझ्या त्या पुस्तकानं ती बी घालवलीन!" तिने मला उचलले आणि कोपऱ्यात भिरकावले.

ती चुकीचे बोलली नव्हती. आठवडा संपायच्या आत शेटच्या कानावर गेले आणि केसरीनाथांचे काम सुटले. भिवंडीत दुसऱ्या कुणीही त्यांना मागाला हात लावू दिला नाही. त्या दिवसांत घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हते. द्रौपदी वाइंडिंगच्या, म्हणजे बॉबिनीवर सूत गुंडाळायच्या कामाला जाऊ लागली. खूप खेटे घातल्यावर केसरीनाथांना वडप्याला, हायवेवरच्या एका ट्रक गॅरेजात काम मिळाले. मी कोपऱ्यात पडल्या पडल्या सगळे पाहत होते. खरे बोलल्याची किंमत पुस्तकात लिहिलेली असते तेव्हा सोपी वाटते.

वर्ष संपत आले. मला शाळेत परत करायचे होते. चंपाने माझी धूळ पुसली, दाभणाने माझी पाठ शिवायला घेतली. द्रौपदी समोर तांदूळ निवडत होती. तांदळातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, "त्या बाईचं पुढं काय झालं? तुळसेचं?"

द्रौपदीला वाचता येत नव्हते. चंपाने माझे शेवटचे पान काढले आणि वाचले. "'तुळसा वेशीपर्यंत चालत गेली. वेशीवर तिने एकदा मागे वळून पाहिले. मग ती चालू लागली.'"

"आणि?"

"संपलं. इथं खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'हिने पुढे जीव दिला असणार.'" चंपाच्या डोळ्यांतला एक थेंब पानावर पडला. "सगळ्यांना तसंच वाटतं."

द्रौपदीने सूप खाली ठेवले. "छापलेलं हाय का तसं?"

"नाही."

"मंग तू कशाला रडतेस? चालू लागली, असंच हाय ना? मंग चालली असेल कुठंतरी. मिळालं असेल काम." आणि तिने सूप पुन्हा उचलले. "कागद ओला करू नको. परत द्यायचाय."

मित्रांनो, माझ्या पानांवर आजवर अनेक विद्वानांनी लिहिले. माझ्या शेवटच्या ओळीचा इतका खरा अर्थ मी आधी कधी ऐकला नव्हता. चंपा रडता रडता हसली. पुढेही ती द्रौपदीला 'मावशी'च म्हणत राहिली. पण त्या दिवसानंतर नळावरचा हंडा दोघी मिळून उचलू लागल्या.

मी शाळेत परतले. नव्वद साल उलटले, नसीबाबाई निवृत्त झाल्या, आणि मुले प्रश्नोत्तरांची पातळ पुस्तके घेऊन येऊ लागली. त्यांत तुळसेचे स्वभावचित्र तयार छापलेले असते, सावत्र, मत्सरी, क्रूर. ते पाठ केले की झाले. मला उघडायची गरजच उरत नाही. कपाटाच्या किल्ल्या हरवल्या. एका वर्षी छताची गळती माझ्या कडेपर्यंत आली. आता माझी मधली पाने एकमेकींना चिकटली आहेत आणि काटा काढल्याची ओळ त्या चिकटलेल्या पानांत अडकली आहे, या विचाराने जीव गुदमरतो.

म्हणून एवढेच मागते. आम्हाला ओलीपासून जपा, पाने दुमडू नका, कव्हर घाला. समासात लिहायचे तर खुशाल लिहा, पण आधी ओळ वाचा, आणि ती पूर्ण वाचा. वाक्याच्या शेवटी 'म्हणे' लपलेले असते. माझ्यातली माणसे आपली बाजू सांगायला बाहेर येऊ शकत नाहीत. तुमच्या घरातली येऊ शकतात. त्यांना एकदा विचारा. ती कदाचित कधीची वाट बघत असतील.